चार बोटं आणि तीन बटणं

डागकाकांच्या नव्या मोबाइलवर तीन डाग होते. एक त्रिकोणी, एक गोल आणि एक चौकोनी. तिन्ही स्क्रीनच्या अगदी तळाशी, एका ओळीत, हाताची घडी घालून बसल्यासारखे.

आता तुम्ही म्हणाल, अहो, ते डाग कसले, ती बटणं आहेत. त्रिकोण दाबला की मागे जातं, गोल दाबला की मुक्कामी परत येतं आणि चौकोन दाबला की दिवसभर आपण कुठे कुठे उनाडक्या केल्या ते सगळं समोर येऊन उभं राहतं. काकांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण ज्या माणसाचा उभा जन्म फोटो स्टुडिओत लोकांच्या तोंडावरचे डाग काढण्यात गेला, त्याच्या लेखी फोटोवर जे नको ते सगळे डागच. कॉलनीने त्यांचं नाव डागकाका ठेवलं ते काही उगाच नाही. कुणाकडे चहाला गेले की त्यांना आधी भिंतीवरची ओल दिसायची, मग यजमानाच्या सदऱ्यावरचा शाईचा ठिपका, आणि यजमान सगळ्यात शेवटी.

हल्लीच्या मुलांना सांगून खरं वाटायचं नाही, पण डाग काढणं ही तेव्हा नोकरी होती. रिटचर म्हणत. काचेच्या उतरत्या मेजावर निगेटिव्ह ठेवायची, मागून उजेड सोडायचा, पेन्सिलीला सुईसारखं टोक काढायचं आणि माणसाचे मुरूम, वण, डोळ्यांखालची जागरणं एकेक करून भरत बसायचं. जे भरता येत नाही ते बारीक पातीने खरवडायचं. गिऱ्हाईक फोटो बघून म्हणे, "वा! अगदी माझ्यासारखा आलाय." काका मान खाली घालून पेन्सिलीला टोक काढत बसत. त्या गिऱ्हाइकासारखं त्या फोटोत किती उरलंय ते एकट्या त्यांना माहीत असे.

तर अशा माणसाला मोबाइलवरचे तीन डाग निघेनात. आणि ते ज्या फोटोवर बसले होते तो काही ऐरागैरा फोटो नव्हता.

फोटो काकूंचा होता. म्हणजे काकू काकू होण्याच्या फार आधीचा, पदवी मिळाली तेव्हाचा. काळा झगा, हातात कागदाची गुंडाळी. या झग्याबद्दलही सांगायला हवं. तो स्टुडिओचा होता. खुंटीला कायम एकच झगा, आणि तोही कुणा पैलवानाच्या मापाने शिवलेला. गावातले डॉक्टर, वकील, मास्तर, सगळे त्या एकाच झग्यातून पदवीधर होऊन बाहेर पडले. बारीक माणूस आला की झगा पाठीमागून कपड्यांचे चिमटे लावून आवळायचा. समोरून विद्वान, मागून वाळत घातलेलं धुणं. काकूंना तर मूठभर चिमटे लागले होते.

काळ्या झग्याची एक खोड असते. तो उजेड खातो आणि हनुवटीखाली अंधार करतो. म्हणून गिऱ्हाइकाच्या पायाशी एकाने पांढरा पुठ्ठा धरून बसायचं, म्हणजे उजेड खालून चेहऱ्यावर उडतो. त्या दिवशी पुठ्ठा धरायला बसले होते डागकाका. तेव्हा ते कुणाचेच काका नव्हते. मालक कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात शिरले आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत तेच म्हणाले, "हसू नका, पण प्रसन्न राहा." त्यावर ती मुलगी नेमकी हसली. पुठ्ठा धरणाऱ्याने वर बघितलं. पुठ्ठाही त्याच्याबरोबर वर आला.

फोटो धुऊन निघाला तेव्हा तळाशी, काळ्या झग्यावर, चार बोटं आलेली. नखं रसायनाने काळवंडलेली.

"तुझी बोटं आलीत रे," मालक म्हणाले. "खरवडून टाक."

काम पाच मिनिटांचं. काका अख्खी संध्याकाळ त्या निगेटिव्हसमोर बसले. पातीला धार लावली, पात उचलली, खाली ठेवली, परत धार लावली. शेवटी "झालं" म्हणून सांगितलं आणि बोटं होती तशीच राहू दिली. त्या मुलीशेजारी एका फोटोत यायची दुसरी कुठली सोय त्यांना दिसत नव्हती.

नंतर त्या मुलीला पासपोर्ट फोटोंची फार गरज पडायला लागली. वर्षभरात तिने इतके काढून नेले की तेवढ्यात पृथ्वीप्रदक्षिणा झाली असती, आणि ती तर गावाची वेससुद्धा ओलांडत नव्हती. पुढचं सांगत नाही. ती मुलगी आज काकू आहे, तेव्हा लग्न झालं होतं हे उघड आहे.

पण लग्नानंतर तो फोटो फ्रेमसकट घरी आला तेव्हा काकांनी सगळ्यात आधी खाली बघितलं. बोटं नव्हती! फोटोभोवती चारी बाजूंनी पांढऱ्या पुठ्ठ्याची चौकट होती आणि झगा बोटांच्या जरा वरच संपत होता. फ्रेमवाल्याने कापली असणार. नाहीतर सासऱ्यांनी कापायला लावली असणार. नाहीतर... या 'नाहीतर'च्या पुढे काका कधी गेले नाहीत. विचारायचं तरी कसं? "अगं, माझी बोटं तूच कापलीस का?" हा प्रश्न संसारात कुठल्या वेळेला विचारतात? सकाळी दूध उतू जात असतं, संध्याकाळी शाळेच्या वह्यांचे गठ्ठे तपासायचे असतात. काकू गणिताच्या बाई. आज विचारू, उद्या विचारू करता करता दोघंही निवृत्त झाली.

आणि मग गेल्या सुट्टीत लेक आली. फ्रेमच्या काचेला आतून बुरशी धरली होती, म्हणून तिने फ्रेम उघडली, काच पुसली, हाताशी होता म्हणून मोबाइलने त्या फोटोचा फोटो घेतला आणि परत बसवून टाकला. "खालून जरा अडत होता, पण बसवला एकदाचा," असं काहीतरी पुटपुटली. काका तेव्हा पेपर वाचत होते. ती परत गेली आणि काकांसाठी नवा मोबाइल पाठवला. त्यावर तो फोटोही पाठवला. काकांनी तो उघडला आणि तळाशी बघितलं.

चार बोटं. जशीच्या तशी. कुणी कापली नव्हतीच! पुठ्ठ्याखाली झाकलेली होती. इतकी वर्षं काका ज्या भिंतीखाली बसून पेपर वाचत होते, त्याच भिंतीवर त्यांची बोटं होती.

काकांच्या मनाने लगेच बेत रचला. हा फोटो मोबाइलच्या दर्शनी लावायचा आणि मोबाइल सहज विसरल्यासारखा टेबलावर ठेवून द्यायचा. काकूंना बोटं दिसतील, त्या आपणहून काहीतरी बोलतील, आणि इतक्या वर्षांचा प्रश्न न विचारताच सुटेल. त्यांनी फोटो लावला. त्रिकोण बरोबर तर्जनीवर बसला, गोल मधल्या दोन बोटांवर आणि चौकोन करंगळीवर.

काकांनी आधी कापसाने स्क्रीन पुसली. डोक्याला माहीत होतं, पण हाताला सवय होती.

"काय चाललंय सकाळपासून?" काकू म्हणाल्या.

"डाग आहेत गं."

"बटणं आहेत ती. सेटिंगमध्ये जाऊन घालवता येतात."

"तुला काय कळतंय त्यातलं!"

एकदा शिकवलेलं परत शिकवायची पद्धत काकूंच्या वर्गातही नव्हती. त्यांनी आपला मोबाइल उचलला, त्यात काहीतरी बघितलं आणि त्याचं झाकणाचं कव्हर फट्‌कन मिटून त्या भाजी निवडायला बसल्या.

लेकीला विचारलं असतं तर दोन मिनिटांत काम झालं असतं हे काकांना कळत होतं. पण लेकीने "का?" असं विचारलं असतं. म्हणून त्यांनी स्वतःच कंबर कसली. बटणांच्या वरच चित्रांची एक रांग होती, तिचीही गर्दी होत होती. म्हटलं, आधी ती हटवू. एकेक चित्र धरून त्यांनी कचऱ्याच्या डब्यात ढकललं. जागा छान मोकळी झाली. संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"बाबा, आज तुम्ही फोन करणार होतात ना?"

"करणार होतो गं. पण फोनमध्ये फोन नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे फोन आहे. पण फोनमधला फोन गेला."

लेकीने आईला फोन द्यायला सांगितलं. काकांनी "आई बाहेर गेलीय" म्हणून ठेवून दिला. काकू समोरच बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शेजारचे साहेब आले. साहेब पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. जगातली कुठलीही अडचण त्यांना गळती नाहीतर तुंबा या दोनच रूपांत दिसे.

"आधी मेन बंद करा," साहेब म्हणाले.

मोबाइल बंद केला, चालू केला. बटणं हजर.

"मग आतून बघावं लागेल," म्हणत साहेब सेटिंगमध्ये उतरले. उतरले ते उतरलेच. एकेक दार उघडत, "हं... हं..." करत पार तळाशी गेले. तिथे 'सुलभता' असं लिहिलेलं होतं. "हेच! सुलभ करायचंय ना आपल्याला?" साहेबांनी पहिलाच नळ सोडला.

आणि मोबाइल बोलायला लागला. ज्याला हात लावावा त्याचं नाव घ्यायचा. त्रिकोणावर बोट गेलं की एक बाई खणखणीत आवाजात म्हणे, "मागे. बटण." गोलावर गेलं की, "होम. बटण." इतके दिवस डाग नुसते दिसत होते, आता ओरडायलाही लागले! आणि बंद करायला जावं तर एकदा दाबून काही होईना, दोनदा दाबावं लागे, आणि कुठे दाबतोय तेही ती बाई आधी जाहीर करी.

तशात त्या दिवशी काका आणि साहेब, दोघांनाही दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. तिथली बाहेरची खोली म्हणजे ज्याने त्याने गाल धरून गप्प बसायची जागा. त्या शांततेत काकूंचा संदेश आला आणि काकांचा खिसा कडाडला, "संदेश. घर. येताना अंगाचा साबण आणा. आणि त्या साहेबांच्या नादी लागू नका. सकाळपासून घरभर ती बाई ओरडतेय."

गाल धरलेली सगळी मंडळी वळली. साहेब काकांच्या शेजारीच होते. ते उठले आणि एक खुर्ची सोडून बसले. काकांना वाटलं, दुखरी दाढ परवडली.

पण साहेब मनाचे मोठे. संध्याकाळी ते आपणहून आले, कुठून तरी विचारून आले होते. त्यांनी बोलणाऱ्या बाईला गप्प केलं आणि बटणं लपवणारं एक ॲप मोबाइलमध्ये उतरवलं. एका झटक्यात बटणं नाहीशी झाली! काकांनी साहेबांना मिठी मारायचीच बाकी ठेवली. साहेब चहा घेऊन, पाठ थोपटून घेऊन गेले. मग काकांच्या लक्षात आलं की स्क्रीनवर फोटो नाही, हवामान आहे. बटणं गेली त्या क्षणी नेमकं हवामानाचं पान उघडं होतं, आणि तिथून बाहेर पडायचा रस्ता म्हणजे तीच बटणं.

पुढचे दोन दिवस काकांचा मोबाइल हवामानात अडकून पडला. कुणी विचारावं की, काका, लेक काय म्हणते? काका सांगत, वारा नैर्ऋत्येकडून आहे. "आज कपडे बाहेर घालू का हो?" असं काकूंनी विचारलं आणि काकांनी दमट हवेचा अचूक आकडा सांगितला, तेव्हा काकूंनी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. शेवटी बॅटरी संपली, मोबाइल मेला, आणि चार्ज झाल्यावर तिन्ही डाग घेऊन परत जिवंत झाला.

मग काकांनी सरळ मार्ग धरला. कंपनीच्या सेवा केंद्रात गेले. टोकन घेतलं, नंबर येईपर्यंत समोरच्या काचेवरचे बोटांचे ठसे मोजले, आणि काचेपलीकडच्या बाईंसमोर मोबाइल ठेवला.

"काय बिघडलंय?"

"काही नाही."

"मग?"

"ही तीन बटणं लपवायची आहेत."

"चालत नाहीत का?"

"उत्तम चालतात."

"मग हा बिघाड नाही. बिघाडाशिवाय मला नोंदच करता येत नाही, काका."

"बिघाड करून आणू का?"

"तुम्ही केलात तर हमी जाईल. आपोआप झाला पाहिजे."

"म्हणजे मी वाट बघू?"

बाई वाईट नव्हत्या. त्यांनाही हसू येत होतं. "हे 'वापर' या विभागात येतं," त्या म्हणाल्या. "तो विभाग इथे नाही. त्यांना फोन करावा लागतो."

"फोनमध्ये फोन नाही," काका म्हणाले आणि उठले. आयुष्यभर ज्याच्या हाताखालून लोक स्वच्छ होऊन गेले, त्या माणसाला एका टोकनावर घरी पाठवलं होतं. काकांना ते फार लागलं.

आता एकच जागा उरली होती, आणि तिथे जायचं काका टाळत होते. मोबाइलवाल्याचं दुकान. टाळायचं कारण म्हणजे ते दुकान पूर्वीच्या स्टुडिओच्याच जागेत होतं. स्टुडिओ बंद झाल्यापासून काका त्या रस्त्याने जाताना पलीकडच्या बाजूने जात. आज पायरी चढले. पायरी तीच होती, मधे खचलेली. आत मागच्या भिंतीवर रंगवलेला पडदा असायचा, त्यावर एक दिमाखदार जिना, जो कुठेच जात नव्हता. गावातल्या प्रत्येक कुटुंबाने त्या जिन्यासमोर उभं राहून फोटो काढला होता आणि एकालाही तो जिना कुठे जातो असा प्रश्न पडला नव्हता. आता तिथे कव्हरं टांगली होती. काळ्या झग्याच्या खुंटीला हेडफोन लोंबत होते. डार्करूमचं दार तेवढं तसंच होतं. काकांनी नकळत श्वास ओढून बघितला. रसायनाचा वास कुठेच नव्हता. त्यांना एकदम मालकांची आठवण आली.

"बोला काका," मोबाइलवाला म्हणाला. हसतमुख माणूस, एकाच वेळी तीन गिऱ्हाइकांशी बोलणारा.

खरं तर तेव्हाच नीट सांगायला हवं होतं. पण "या बटणांखाली माझी बोटं आहेत" हे भर दुकानात कसं म्हणायचं? काका म्हणाले, "या फोटोत खाली जरा अडचण होतेय. तेवढं साफ करून हवंय."

साफ करून! याच दुकानात, याच टेबलाच्या जागी, गिऱ्हाइकं त्यांना हेच म्हणायची, आणि ते जे करत तेच मोबाइलवाल्याने केलं. मोबाइल घेऊन तो डार्करूममध्ये गेला आणि चहा निवायच्या आत बाहेर आला.

"घ्या. चकाचक."

काकांनी बघितलं. त्रिकोण, गोल, चौकोन, तिघंही जागच्या जागी.

"अहो, बटणं आहेत की!"

"असू द्या ना! बटणांखाली कुणाची तरी बोटं घुसली होती फोटोत. ती काढून टाकली. आता खाली काहीच नाही. मग बटणं असली काय नि नसली काय! जागाही भरत आली होती, म्हणून तो जुना फोटो उडवून हाच ठेवलाय. पैसे राहू द्या काका, टच केलं की होतं हल्ली."

काकांनी खिशातलं भिंग काढलं. ते अजून खिशात असतं. मोबाइल उजेडाकडे धरून त्यांनी तळाची जागा इंचाइंचाने तपासली. झग्याच्या घड्या बरोबर उतरल्या होत्या. काळ्याचा पोत जुळला होता. जोड कुठे दिसत नव्हता. काम चांगलं होतं, आणि तेच त्यांना सहन होईना. मालकांनी सांगितलेलं आणि एक अख्खी संध्याकाळ बसून आपण न केलेलं काम आज त्याच जागेवर पुरं झालं होतं.

"छान केलंत," ते म्हणाले, कारण कारागिराला तसं म्हणायचं असतं. आणि पायरी उतरले.

रस्ताभर त्यांच्या कानात लेकीचं ते पुटपुटणं घुमत होतं. खालून जरा अडत होता, पण बसवला एकदाचा. कसा बसवला? अडत होता म्हणून खालची पट्टी उडवली तर नसेल? लेकही शेवटी घाईचीच. तसं असेल तर लेकीच्या मोबाइलशिवाय ती बोटं आता कुठेच नव्हती, आणि तिच्याकडे मागावीत तर पुन्हा तेच "का?". काका भराभर चालायला लागले.

घरात कुणी नव्हतं. काकू वाचनालयात गेल्या होत्या. काकांनी फ्रेम भिंतीवरून उतरवली, टेबलावर पेपर अंथरून पालथी ठेवली आणि कपाटातून आपली जुनी पात काढली. मागचे खिळे तिने उचकटायचे आणि नुसतं बघायचं, एवढंच. हात थरथरत होता. या हाताने कधी थरथरून चालायचंच नाही असं आयुष्य काढलं होतं. पहिला खिळा निघाला. दुसरा निघाला.

"अहो! कापू नका!"

काकू दारात होत्या. हातातली पिशवी जमिनीवर, पुस्तकं उंबऱ्यावर पसरलेली. वर्गात शेवटच्या बाकाला हलवून सोडणारा तो आवाज काकांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. त्या धावत आल्या आणि त्यांनी फ्रेमवर दोन्ही हात ठेवले.

"कापत नाहीये गं. खिळे काढतोय."

"खालचं कापू नका म्हणते मी!"

"खाली काय आहे?" काकांनी विचारलं.

काकूंनी फ्रेमवरचे हात काढले नाहीत. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. चोर सापडला होता, पण दोघांतला कुठला ते ठरत नव्हतं.

"बाबांनी फ्रेमवाल्याला सांगितलं होतं," काकू खुर्ची ओढून बसत म्हणाल्या. "म्हणाले, खाली कुणाचा तरी पंजा आलाय, तेवढी पट्टी उडवून टाक. ते बाहेर पडले आणि मी मागे थांबले. त्याला म्हटलं, कापू नका, झाका."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत का?"

"मला वाटलं, तू कापायला लावलीस."

"आणि मला वाटलं, तुम्हाला ती बोटं आठवतसुद्धा नाहीत." काकूंनी पातीकडे बघितलं. "पण मग म्हणायचे मनाशी, गावभरच्या लोकांचे तीळ शोधून काढणारा माणूस स्वतःची चार बोटं काढायला विसरेल का? नाही विसरला. ठेवली त्याने. एवढं कळायला पदवी लागत नाही हो."

काकांनी मग सगळं सांगितलं. कापूस, फोनमधला फोन, ओरडणारी बाई, नैर्ऋत्येचा वारा, बिघाडाची वाट, आणि शेवटी मोबाइलवाला. सांगताना त्यांचा आवाज ओला झाला होता, पण काकू हसायला लागल्या. आधी पदर तोंडाला लावून, मग उघडच. काकांनी वर बघितलं. हसणं तेच होतं. इतक्या वर्षांत त्यात त्यांना काढण्यासारखं काहीच सापडलं नव्हतं.

"हे घ्या," काकूंनी आपल्या मोबाइलचं झाकण उघडलं.

तिथे तोच फोटो होता. झगा, गुंडाळी, हसणं आणि तळाशी चारही बोटं, मोकळी. ना त्रिकोण, ना गोल, ना चौकोन.

"तुझी बटणं कुठायत?"

"लेकीने फोटो पाठवला त्याच दिवशी घालवली. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना, सेटिंगमध्ये जाऊन घालवता येतात? तर म्हणे, तुला काय कळतंय."

काका खाली बघायला लागले. मग हळूच म्हणाले, "पण मग परत यायचं असलं की?"

"गेलीत कुठे? झाकलीत नुसती. खालून बोट वर सरकवायचं." काकूंनी काकांचं बोट धरलं, फोटोतल्या त्या चार बोटांवर टेकवलं आणि वर सरकवलं.

मग काकूंनी दोन मिनिटांत काकांच्या मोबाइलची बटणं घालवली, फोनमधला फोन परत आणला आणि आपल्याकडचा फोटो पाठवला. काका तिकडे बघतही नव्हते. त्यांनी फ्रेममधली पुठ्ठ्याची चौकट बाहेर काढली, पातीला धार लावली आणि खालची बाजू चार बोटं रुंदीने सरळ कापून टाकली. हात अजिबात थरथरला नाही. फोटो बसवला, काच पुसली, फ्रेम टांगली.

संध्याकाळी साहेब आले. चहा येईपर्यंत त्यांनी नेहमीसारखी खोलीची पाहणी केली आणि फ्रेमसमोर थबकले.

"काका, हे काय? वहिनींच्या फोटोवर खाली डाग पडलाय. तुमच्या घरात आणि डाग? त्या मोबाइलवाल्याकडे द्या, एका टचमध्ये काढून देईल."

काकांनी पेपर खाली केला. स्वयंपाकघरात कपांचा आवाज थांबला.

"तो डाग नाही, साहेब," काका म्हणाले. "तो मी आहे."